चुकलेल्या नोटेचा माग: छपाईतल्या चुका ओळखायच्या, तपासायच्या आणि जपायच्या कशा

माझ्या संग्रहातली पहिली चुकीची नोट पाचाची आहे, ट्रॅक्टरवाली. घरातल्या जुन्या डब्यात इतर नोटांबरोबर ती घडी घालून ठेवलेली होती. वरचा उजवा कोपरा पुढच्या बाजूला वळलेला दिसला, म्हणून तो सरळ करायला गेलो, तर कागदाचा एक त्रिकोणी कान नोटेच्या कडेबाहेर आला. कोपऱ्यावर पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण होता, शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. मग नोट उलटी केली. कानावर मागची नक्षी जागच्या जागी होती आणि तिच्यावरच पुढच्या बाजूचा हरवलेला तुकडा तिरका छापलेला होता.

त्या कोपऱ्यावर सगळी हकीगत लिहिलेली आहे. मागची बाजू छापून झाली, त्यानंतर शीटचा कोपरा पुढच्या बाजूवर दुमडला. तसाच तो पुढच्या बाजूच्या छपाईत गेला आणि तो तुकडा दुमडीच्या पाठीवर उमटला. कटिंगपर्यंत दुमड सुटली नाही, म्हणून आत राहिलेला जादा कागद कापला गेला नाही. संग्राहक अशा नोटेला ‘बटरफ्लाय’ किंवा ‘एक्स्ट्रा पेपर’ म्हणतात.

या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे: खऱ्या चुकीच्या नोटेवर ती चूक कोणत्या यंत्रावर, कोणत्या टप्प्यावर घडली ते वाचता येतं. ते वाचता येत नसेल तोवर नोट विकत घेऊ नका.

आधी नोट कशी बनते ते समजून घ्या

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ साली नोटा छापायला सुरुवात झाली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडमध्ये छापून यायच्या. नंतर मध्य प्रदेशात देवासला, आणि पुढे कर्नाटकात म्हैसूरला आणि पश्चिम बंगालमध्ये सालबोनीला छापखाने उभे राहिले. नोटेचा कागद हीसुद्धा वेगळी वस्तू आहे. तो कापसाच्या धाग्यांचा असतो, आणि वॉटरमार्क व सुरक्षा धागा कागद बनतानाच त्यात येतात, छपाईत नाही. होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची कागद गिरणी यासाठीच आहे.

पुढचा क्रम ढोबळमानाने असा. एका मोठ्या शीटवर अनेक नोटा एकदम छापतात. आधी ऑफसेटने, म्हणजे सपाट छपाईने, पार्श्वभूमीचे रंग आणि बारीक नक्षी. मग मोठ्या किमतीच्या नोटांवर खोदीव छपाई, म्हणजे इंटाग्लिओ. यात कोरलेल्या पत्र्यावर कागद प्रचंड दाबाने दाबतात, त्यामुळे शाई बोटाला उंच लागते. मग नंबर पडतात, मग कटिंग, मग शंभर नोटांची गड्डी.

१९९६ ला आलेल्या महात्मा गांधी मालिकेत २० आणि त्यावरच्या नोटांवर गांधीजींचं चित्र, रिझर्व्ह बँकेची मुद्रा, वचनाची ओळ, अशोकस्तंभ आणि गव्हर्नरची सही हे सगळं खोदीव आहे. १० च्या नोटेवर ते नाही. म्हणून कोणी १० ची नोट दाखवून ‘उठाव नाही, एरर आहे’ म्हणाला, तर ती घ्यायचं कारण नाही.

हा क्रम पाठ करा. पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

कशाला चूक म्हणायचं नाही

नवखे संग्राहक सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही नोटांवर हिंदीत ‘दो रुपया’, ‘पाँच रुपया’ असं छापलं होतं. नंतर ते ‘रुपये’ असं दुरुस्त केलं. ही भाषेची चूक खरी, पण ती पत्र्यावरच होती, त्यामुळे त्या खेपेच्या प्रत्येक नोटेवर ती आहे. अशा नोटेला वेगळा प्रकार म्हणतात, एरर नाही. १९७५ ला आलेल्या ५० च्या नोटेचंही तसंच. सुरुवातीच्या नोटांवर मागच्या बाजूला संसद भवनाच्या ध्वजस्तंभावर झेंडा नव्हता, तो नंतर आला. बिनझेंड्याची नोट जरूर जमवा, ती सुंदर आहे, पण ‘झेंडा छापायचा राहिला’ म्हणून जादा पैसे मोजू नका. छापखान्यात एका विशिष्ट शीटवर अपघाताने घडली तीच एरर नोट.

नंबरात तारा असलेली नोटसुद्धा चूक नाही. २००६ पर्यंत छापखान्यात सदोष निघालेल्या नोटेच्या जागी त्याच नंबराची दुसरी नोट छापून घालत. त्यानंतर बदली नोटेवर नंबराच्या मध्ये तारा घालायची पद्धत आली. २०१५ पासूनच्या नोटांवर नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, तेही मुद्दामच. मागच्या बाजूला छपाईचं वर्ष नाही? २००५ आधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ते नसायचंच.

कडा थोड्या कमीजास्त असणं, रंग फिका किंवा गडद असणं, शाईचा एखादा बारीक ठिपका, यांना कोणी जाणकार किंमत देत नाही. लक्ष्मीपूजनाच्या नोटेवरचा कुंकवाचा डाग बघून एकाने मला ‘लाल शाईचा एरर’ म्हणून फोटो पाठवला होता. अशी नोट घरची ठेव म्हणून जपावी. तो डाग धुवायला मात्र जाऊ नये.

गड्डीला मारलेल्या टाचणीची दोन भोकंही दोष नव्हे. २००१ साली रिझर्व्ह बँकेने गड्ड्यांना टाचण्या मारणं बंद करायला सांगितलं. त्याआधीच्या कोऱ्या नोटेवर ही भोकं असतातच.

चुकांचे प्रकार, टप्प्याटप्प्याने

कागदाच्या टप्प्यावरच्या चुका दुर्मिळ: धागा नसणं, धागा जागा सोडून असणं. २०१६ च्या सुरुवातीला १००० च्या काही नोटा सुरक्षा धाग्याविना छापल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा हा प्रकार सगळ्यांना कळला.

छपाईच्या टप्प्यावर एखादा रंग किंवा एखादी पूर्ण छपाई राहून जाते. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून २००० च्या नोटा मिळाल्या, त्यांवर गांधीजींचं चित्रच नव्हतं. बाकीचे रंग होते, नोट खरी होती, एक छपाई झालीच नव्हती. त्याच्या दोन महिने आधी, नोटाबंदीनंतरच्या घाईत छापलेल्या नव्या ५०० च्या नोटांमध्ये चित्राची सावली पडलेली, कडा वेगवेगळ्या असलेली उदाहरणं निघाली. घाईमुळे सदोष छपाई झाल्याचं रिझर्व्ह बँकेकडूनच सांगितलं गेलं. घाईच्या काळातल्या नोटा बारकाईने बघाव्यात.

उलटा ठसा, म्हणजे ‘ऑफसेट ट्रान्सफर’, हा माझ्या आवडीचा प्रकार. यंत्रात एखादं शीट आलंच नाही, तर शाई कागदाऐवजी समोरच्या रुळावर बसते. पुढचं शीट आलं की त्याच्या पाठीला ती लागते. त्यामुळे पुढच्या बाजूचं चित्र मागच्या बाजूला आरशातल्यासारखं उलटं उमटतं. पहिल्या शीटवर ते ठळक, मग प्रत्येक शीटवर फिकं होत जातं. ठळक ठशाला किंमत जास्त असते. पण फिक्या होत गेलेल्या सलग तीन-चार नोटा हाती लागल्या, तर त्या कधीही सुट्या करू नका.

रंग एकमेकांवरून सरकणं मोजायला १९९६ च्या मालिकेत एक सोय आहे. वॉटरमार्कच्या खिडकीजवळ एक छोटं फूल आहे, अर्धं पुढून छापलेलं, अर्धं मागून. नोट उजेडाकडे धरली की दोन्ही मिळून एक फूल दिसायला हवं. केसभर फरक नेहमीचा असतो. दोन्ही भाग उघड वेगळे पडले असतील, तरच पुढचं बघा.

नंबराच्या टप्प्यावरची चूक शोधायला सोपी. नोटेवर नंबर दोनदा असतो आणि दोन्ही ठिकाणी आकड्यांची चाकं वेगळी असतात. एखादं चाक अडकलं की एका बाजूला ४५६७८९ आणि दुसऱ्या बाजूला ४५६७९९ असं होतं. यालाच ‘मिसमॅच’ म्हणतात. आकडा अर्धवट फिरलेला असेल तर वरचा अर्धा एका अंकाचा आणि खालचा अर्धा दुसऱ्याचा दिसतो. नंबर सरकून भलत्या जागी बसणं, एकच नंबर पडणं, अजिबात न पडणं, हेही याच टप्प्यावरचं.

कटिंगचा दोष तेव्हाच मानायचा, जेव्हा शेजारच्या नोटेचा तुकडा किंवा शीटची पांढरी कड आत आलेली असते. आणि एक प्रकार ‘ऑब्स्ट्रक्शन’: कागदाचा कपटा शीटवर पडला, छपाई त्या कपट्यावर झाली, कपटा गळून गेला आणि नोटेवर त्याच आकाराची कोरी जागा राहिली. कपटा सोबत चिकटून राहिला असेल, तर ती फार भाग्याची गोष्ट.

तपासणी कशी करायची

साहित्य फार लागत नाही. दहापट भिंग, छोटी टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, अतिनील म्हणजे यूव्ही टॉर्च, आणि त्याच प्रकारची एक साधी, बिनचुकीची नोट. ही शेवटची वस्तू सर्वांत कामाची. शक्यतो त्याच मालिकेची आणि त्याच गव्हर्नरच्या सहीची घ्या. १ रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवाची सही असते, तिथे ती जुळवा.

पहिल्यांदा नोट खरी आहे का ते पाहा. वॉटरमार्क, धागा, कागदाचा करकरीत आवाज. बनावट नोट ‘एरर’ म्हणून गळ्यात मारणं ही जुनी युक्ती आहे. बनावट नोट माहीत असून ती खरी म्हणून खपवण्याच्या हेतूने जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, संग्राहकालाही त्यात सूट नाही.

मग स्वतःला विचारा: ही चूक कोणत्या टप्प्यावर घडली? आणि त्यानंतरचे टप्पे नीट झालेत का? समजा, खोदीव छपाई राहिली आहे असं सांगितलं जातंय. तर टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. शीट त्या यंत्रातून गेलंच नसेल, तर कागद तिथे सपाट असेल. शाई कमी पडली असेल, तर शाई नाही पण दाब आहे, म्हणजे बिनरंगाचा उठाव दिसेल. आणि रंग कोणी रसायनाने काढला असेल, तर उठाव दिसेल, भिंगातून रेषांच्या तळाशी रंगाचे कण दिसतील, आणि आसपासची ऑफसेटची नाजूक नक्षीही पुसट झालेली असेल. रसायनाला फक्त गांधीजींचं चित्र निवडून पुसता येत नाही, ते शेजारच्या रंगांनाही लागतं.

नंबर नसलेल्या नोटेपासून सर्वांत जास्त सावध राहा. अशी एक नोट मी विकत घेतली होती, ५० ची, १९९६ च्या मालिकेतली, एकीकडे नंबर, दुसरीकडे काहीच नाही. विकणाऱ्याने ती प्लॅस्टिकच्या पाकिटात दिली आणि पाकीट न उघडण्याचा आग्रह धरला. घरी आणून यूव्ही टॉर्च लावली. या मालिकेत नंबराची शाई अतिनील प्रकाशात चमकते. कोऱ्या वाटणाऱ्या जागेत सहा आकड्यांची अंधूक सावली उजळली. भिंगाखाली कागदाचे धागे तिथे उभे राहिलेले होते, खोडरबराने घासल्यासारखे. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: पाकिटाबाहेर काढून दाखवत नसेल, तर व्यवहार नाही.

उलट्या ठशाची परीक्षा पट्टीने होते. ठसा खरा असेल तर तो मूळ चित्राच्या अगदी बरोबरीच्या मापाचा आणि पूर्णपणे आरशातला असतो. शिवाय तो एकाच यंत्रावरच्या रंगांचा असतो. चित्र, नंबर आणि सही सगळंच उलटं उमटलेलं असेल, तर ते टप्पे वेगवेगळे आहेत हे आठवा आणि नोट परत करा.

दुमडीच्या नोटेत दुमड पुन्हा तशीच घालून पाहावीशी वाटते. फार तर एकदा, हलक्या हाताने. दुमड मिटल्यावर तुटलेल्या रेषा जुळून चित्र अखंड व्हायला हवं. कोणी नोट छापल्यानंतर कडेला कागद चिकटवला असेल, तर जोडाची रेघ उजेडात दिसतेच. बाहेर आलेल्या कानाची लांबी-रुंदीही मोजा. दुमड कटिंगच्या रेषेशी जुळली नाही, तर ती नंतर बनवलेली आहे.

काहीच न छापलेले किंवा फक्त एकाच रंगाचे शीटचे तुकडे विकायला आले तर दूर राहा. असा माल छापखान्यातून रीतसर बाहेर येत नाही, आणि तो कुठून आला हा प्रश्न शेवटी तुमच्यापर्यंत येईल.

शोधायचं कुठे

घरापासून सुरुवात करा. आजीचा डबा, देव्हाऱ्यातली नोट, आहेराच्या पाकिटातून जपून ठेवलेल्या कोऱ्या नोटा. १, २ आणि ५ च्या जुन्या नोटा विशेष बघा. त्या भरमसाट छापल्या जायच्या, तपासणी माणसांच्या नजरेने व्हायची, आणि चुका निसटायच्या. १ रुपयाची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २ आणि ५ ची छपाई १९९५ मध्ये थांबवली होती. बॉम्बे हायमध्ये तेल शोधणारं ‘सागर सम्राट’ ज्या १ रुपयाच्या नोटेवर आहे, ती अजून बऱ्याच घरांत सापडते.

दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी बँकेतून १० किंवा २० ची कोरी गड्डी घ्या. गड्डी सोडू नका. एका हाताने कडा वाकवा आणि शंभर नोटांचा एकच कोपरा अंगठ्याखालून जाऊ द्या, जसं पत्त्यांचं पान सोडतो तसं. चारही कोपरे, मग पुढची बाजू, मग मागची. एखादी नोट वेगळी असली की डोळा आपोआप अडखळतो. मिसमॅच सापडला तर त्याच्या आधीची आणि नंतरची नोटही काढून ठेवा. शेजारच्या नोटा सोबत असल्या की चूक खरी असल्याचा पुरावा भक्कम होतो.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर आणि चोरबाजारात नाणी-नोटावाले बसतात. पुण्यातल्या ‘कॉइनेक्स’सारख्या प्रदर्शनांत तर एका छताखाली शंभर टेबलांवरचा माल बघता येतो, आणि जाणकार माणसं खुल्या मनाने शिकवतात. पहिल्या दोन-तीन खेपांना काहीही विकत घेऊ नका. नोटा हातात घ्या, आडव्या उजेडात बघा, ‘काका, ही चूक कशामुळे झाली?’ असं विचारा. नीट उत्तर देणाऱ्याकडेच पुढे व्यवहार करा.

अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं मुद्रा संग्रहालय. नोटांच्या मालिकांचा क्रम तिथे एकदा डोळ्यांखालून गेला की लक्षात राहतो.

भाव

चूक किती ठळक, नोट किती कोरी, प्रकार किती दुर्मिळ, हे तिन्ही एकत्र धरून भाव ठरतो. हातभर अंतरावरून दिसणाऱ्या चुकीला मागणी असते. भिंगातून दाखवावी लागणारी चूक फार कमी लोक घेतात. जाहिरातीत लिहिलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. लिलाव संपल्यावर प्रत्यक्ष किती रकमेला नोट गेली ते आकडे बघत चला. महाग नोट असेल तर ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे नोट तपासून तिचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने, पाकीटबंद केलेली घ्यावी. तिथे ७० पर्यंतच्या मोजपट्टीवर नोटेची स्थिती लिहिलेली असते.

कायद्याच्या दोन गोष्टी

२०१६ साली रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा बाळगण्यावर २०१७ च्या कायद्याने मर्यादा आहे: कोणाहीकडे एकूण १०, आणि अभ्यास, संशोधन किंवा मुद्रासंग्रहासाठी २५ पर्यंत. त्यापेक्षा जास्त सापडल्यास १०,००० रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम जास्त तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. एरर असली तरी नोट मोजली जाते.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. ‘तुमची नोट लाखोंना घेतो, आधी रिझर्व्ह बँकेचा कर भरा’ असे फोन आणि मेसेज येतात. जुन्या नोटांच्या व्यवहारात आपण कोणतंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कोणाला दिलेलाही नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा, कारण असे फोन त्यांनाच जास्त येतात.

जपणूक

नोट धुवू नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट करू नका, फाटली तरी चिकटपट्टी लावू नका. दुमडलेला कोपरा कापून ‘नीट’ करणारेही भेटतात. त्या एका कात्रीत नोटेची सगळी हकीगत जाते.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे पीव्हीसीचे कप्पे टाळा. काही वर्षांत ते चिकट होतात आणि शाईला धरतात. पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे घ्या. बटरफ्लाय नोटेसाठी कान उघडा मावेल एवढा मोठा कप्पा लागतो, कारण सतत उघडझाप केली की दुमडीवर कागद तुटतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने खरे कसोटीचे. अल्बम भिंतीला लागून ठेवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि ओल धरल्या की बदला. डांबराच्या गोळ्या नोटांजवळ नकोत. पाऊस ओसरल्यावर एका कोरड्या दुपारी प्रत्येक पान उघडून कसर किंवा बुरशी लागली नाही ना ते बघा. हात कोरडे, आणि नोट कडेनेच धरायची.

नोटेवर पेन्सिलीनेही काही लिहू नका. वही वेगळी ठेवा. प्रत्येक नोटेला एक पान: किंमत, नंबर, सही, मालिका, कुठे आणि कधी मिळाली, किती दिले, आणि सर्वांत महत्त्वाचं, चूक कोणत्या टप्प्यावर घडली याचा तुमचा निष्कर्ष आणि त्याची कारणं. माझ्या वहीत ट्रॅक्टरच्या पाचाच्या पानावर लिहिलं आहे: ‘मागची छपाई पूर्ण. दुमड त्यानंतर, पुढच्या छपाईआधी. कटिंगनंतरही मिटलेलीच. घरच्या डब्यातून.’ खाली पट्टी ठेवून काढलेला फोटो चिकटवला आहे, एक कान उघडा असताना आणि एक मिटलेला.